नादारीचा अर्ज कोण लिहून देईल?

वडगाव रासाई हे भीमेच्या काठावरचं गाव. अलीकडचा तीर शिरूर तालुक्याचा, पलीकडचा दौंडचा. ऊस दोन्हीकडे सारखाच, आणि उसाबरोबर येणारं कर्जही सारखंच. या पट्ट्यात कर्जाबद्दल बोलायला शब्द कमी नाहीत. सोसायटीची थकबाकी, सातबाऱ्यावरचा बोजा, हातउसने, मार्चअखेरीला होणारं नवं-जुनं, पतसंस्थेची 'एकशेएकची नोटीस'. माणूस पार खचला की त्याच्यासाठीही शब्द तयार असतात: बुडाला, हात वर केले, दिवाळं वाजलं. पण 'त्यानं कोर्टात नादारीचा अर्ज केलाय' हे वाक्य पारावर, चहाच्या टपरीवर किंवा सोसायटीच्या ओट्यावर सहसा ऐकू येत नाही.

प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही ज्याला देणं फेडता येत नाही, त्यानं न्यायालयासमोर सगळं मांडावं, जे देता येईल ते द्यावं आणि उरलेल्या ओझ्यातून मोकळं व्हावं, अशी सोय आपल्या कायद्यात शंभराहून अधिक वर्षं आहे. गावातल्या शेतकऱ्यासाठी तर ती त्याहूनही जुनी आहे. आणि ती सोय ज्या दंग्यानंतर झाली, तो दंगा याच भीमथडीत आणि याच शिरूर तालुक्यात पेटला होता. कर्जमाफीची वाट पाहणाऱ्या या मुलखाला स्वतःच्या या कमाईचा विसर पडला आहे. हा लेख त्या विसराबद्दल आहे.

कर्डे आणि सुपे

डिसेंबर 1874. शिरूर तालुक्यातलं कर्डे. काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख या गावातल्या प्रतिष्ठित घराण्यातल्या माणसावर हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. गाव चिडलं, पण हात उचलला नाही. गावानं सावकारावर बहिष्कार घातला. त्याच्या शेतात कुणी राबेना, त्याचं पाणी कुणी भरेना, न्हावी त्याची हजामत करेना. ही बातमी आसपासच्या गावांत पसरली आणि तिथेही बहिष्कार सुरू झाले.

पुढच्याच वर्षी, 12 मे 1875 रोजी, सुप्याला भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. ती मोठी बाजारपेठ होती आणि तिथे सावकारांची दुकानं होती. जमावानं दुकानांवर हल्ला केला, पण त्याला हवे होते ते कागद: कर्जरोखे, खतं आणि हिशेबाच्या वह्या. त्या ताब्यात घेऊन त्यांची होळी झाली. तिथून लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत गेलं. बहुतेक ठिकाणी सावकारानं कागद काढून दिले की जमाव त्याच्या अंगाला हात न लावता परतत असे. सरकारनं 951 लोकांना पकडलं.

लोक कागदांवर इतके का तुटून पडले? त्याचं उत्तर त्या कागदांतच होतं. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी चालू होती. तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकार मागेल त्याला उधार देऊ लागले. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्याच सुमारास इंदापुरापासून सुरू झालेल्या जुन्या जमाबंदीची तीस वर्षांची मुदत भरली आणि नव्या आकारणीत शेतसारा बेसुमार वाढला. त्यातच 1859 च्या मुदत कायद्यानं रोख्याची मुदत तीन वर्षं ठरवली होती. हेतू चांगला होता, व्याज फार साचू नये हा. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. त्यात मुद्दल आणि साचलेलं व्याज एकत्र करून नवं मुद्दल बनायचं आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू व्हायचं. दिलेल्या पैशांची पावती मिळत नसे. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, तो अंगठा उठवायचा. न्यायालयात गेलं की न्यायाधीश रोखा बघायचा, रोख्यामागची हकीकत बघायचा नाही. नवं-जुनं हा शब्द आजही आपल्या तोंडी आहे. त्याची सावली किती जुनी आहे हे यावरून कळावं.

पन्नास रुपयांचा नादार

दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि अखेर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आले. सावकाराच्या दाव्यात न्यायाधीशानं रोख्यामागे जाऊन पहिल्या व्यवहारापासूनचा हिशेब तपासावा, असं त्यात सांगितलं होतं. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करता येणार नव्हती. खास गहाण न ठेवलेली जमीन लिलावात काढता येणार नव्हती. दावा लावण्याआधी सलोख्याचा प्रयत्न व्हावा म्हणून सलोखा करणारे नेमले जाणार होते. शेतकऱ्याचे रोखे गावपातळीच्या निबंधकासमोर लिहिले जाणार होते.

या कायद्यात नादारीचं एक स्वतंत्र प्रकरण होतं. पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त देणं असलेला शेतकरी जवळच्या दुय्यम न्यायाधीशाकडे जाऊन स्वतःला नादार ठरवून घेण्याचा अर्ज करू शकत होता. आणखी एक तरतूद मला आज सगळ्यांत मोलाची वाटते. समोरच्या बाजूनं वकील उभा असेल आणि शेतकऱ्याची वकील लावण्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीश सरकारी वकिलाला किंवा दुसऱ्या योग्य माणसाला त्याच्या वतीनं उभं राहायला सांगू शकत होता. गरिबाला कायदा मिळाला तरी तो चालवायला माणूस लागतो, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही उमगलं होतं.

त्या कायद्यानं खेडं सुखी झालं असं मात्र झालं नाही. पुढे चारच वर्षांनी, 1883 मध्ये, महात्मा फुल्यांना 'शेतकऱ्याचा असूड' लिहावासा वाटला, त्या अर्थी दुखणं कायम होतं. पण एक तत्त्व या मातीत रुजलं. न फेडता येणारं कर्ज हा गुन्हा नाही. ते तपासून, वाटून, मिटवण्याची एक रीत असते, आणि ती रीत पार पाडायला मदत देणं हे राज्याचं काम आहे.

आजचं एक घर

आता समजा, वडगाव रासाईतलं किंवा नदीपलीकडचं एक घर. नाव कुणाचंच नको, कारण असं घर एक नाही. अडीच एकर जमीन, दीड एकर ऊस. सोसायटीतून पीककर्ज, त्याचा बोजा सातबाऱ्यावर. ट्रॅक्टर फायनान्सवर, म्हणजे कंपनीकडे तारण. पतसंस्थेचं कर्ज, त्याला दोन जामीनदार, एक मेव्हणा आणि एक शेजारी. बायकोच्या नावावर महिला गटाचं कर्ज, दर आठवड्याचा हप्ता. धाकटा भाऊ रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर, त्याच्या मोबाईलवरून घेतलेलं ॲपचं कर्ज. आणि शेवटी मुलीच्या लग्नात एका ओळखीच्या माणसाकडून महिना पाच टक्क्यांनी उचललेले दोन लाख. कोरा धनादेश आणि सही केलेला मुद्रांक त्याच्याकडे.

उसाचं बिल लांबतं. बोअर आटते. एक आजारपण येतं. मग एकाचं घेऊन दुसऱ्याला देणं सुरू होतं आणि एके दिवशी तेही थांबतं. घरातला कर्ता फोन उचलायचं बंद करतो. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे, त्यातला सगळ्यांत वाईट शेवटही. त्या शेवटाच्या अलीकडे एक दार आहे हे त्या घराला कुणीतरी सांगायला हवं.

अर्जात काय लिहायचं

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन महानगरांसाठी 1909 चा वेगळा कायदा आहे. बाकी आपल्या सगळ्यांसाठी आहे 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. शिरूर-दौंडच्या माणसाला तोच लागू होतो. त्याचं मुख्य न्यायालय म्हणजे जिल्हा न्यायालय, आपल्यासाठी पुण्याचं शिवाजीनगर.

अर्ज करायला देणं किमान 500 रुपये असावं लागतं. हा आकडा 1920 पासून तसाच राहिला आहे. देणं त्याहून कमी असलं, पण हुकूमनाम्यापायी अटक झाली असेल किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू असेल, तरी अर्ज करता येतो. अर्जात लिहायचं ते असं: मी देणं फेडू शकत नाही. मी अमुक गावी राहतो. माझ्यावर कुणाकुणाचं किती देणं आहे, त्यांची नावं आणि पत्ते हे. माझी मालमत्ता कोणती, कुठे आणि किती किमतीची ती ही. ती सगळी मी न्यायालयाच्या स्वाधीन करायला तयार आहे. याआधी असा अर्ज केला असेल तर त्याची हकीकत ही. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या घरात कागद पत्र्याच्या पेटीत, कपाटाच्या वरच्या फळीवर आणि सावकाराच्या खिशात विखुरलेले असतात, तिथे ही यादीच सगळ्यांत अवघड असते.

अर्ज दाखल झाला की घेणेकऱ्यांना नोटीस जाते आणि सुनावणी होते. कर्जदारानं आपली असमर्थता सकृतदर्शनी दाखवावी लागते. न्यायालयाला पटलं तर ते त्याला नादार ठरवतं. त्या क्षणी त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयानं नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय घेणेकऱ्यांना स्वतंत्रपणे वसुलीची कारवाई करता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागता येतो. मग घेणेकऱ्यांची यादी बनते आणि मालमत्तेतून येईल ते नियमानं वाटलं जातं.

मधेच तडजोडीचंही दार आहे. ज्यांचं देणं सिद्ध झालं आहे अशा घेणेकऱ्यांपैकी संख्येनं निम्म्याहून जास्त आणि रकमेनं तीन चतुर्थांश जण कबूल झाले आणि न्यायालयानं मान्य केलं, तर कमी रकमेवर हिशेब मिटवता येतो आणि तो सगळ्यांना बांधील राहतो.

पण नादार ठरणं म्हणजे सुटका नव्हे. आदेशातच एक मुदत दिलेली असते. त्या मुदतीत कर्जमुक्तीसाठी दुसरा अर्ज करावा लागतो. तो राहून गेला तर सगळी मेहनत पाण्यात जाते, आदेश रद्द होऊ शकतो. मार्गदर्शन नसलेल्या माणसाचा पाय नेमका इथे घसरण्याची भीती आहे.

मुक्ती देताना न्यायालय काय बघतं, हेही या कायद्यात जुन्या पैशाच्या भाषेत लिहिलेलं आहे. बिनतारणी देण्याच्या तुलनेत मालमत्ता रुपयाला आठ आणेही भरत नसेल, तर पूर्ण मुक्ती नाकारली जाऊ शकते. अपवाद एकच. ही वेळ ज्या कारणांनी आली, त्यांची जबाबदारी न्यायानं आपल्यावर टाकता येत नाही हे कर्जदारानं पटवून द्यावं. शेतकऱ्यासाठी हा अपवाद म्हणजे सगळा जीव. दुष्काळाचा किंवा अतिवृष्टीचा पंचनामा, बाजार समितीच्या पट्ट्या, कारखान्याच्या वजनाच्या पावत्या, दवाखान्याची बिलं हे कागद फेकू नका असं मी हात जोडून सांगतो, ते यासाठी.

काय राहतं, काय जातं

सगळं जातं, ही भीती खरी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नं जे जप्तीपासून वाचवलं आहे, ते नादारीतही वाचतं. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रिवाजानं स्त्रीनं अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं आणि पोट भरण्यासाठी न्यायालयाला गरजेची वाटतील ती जनावरं आणि बी-बियाणं. शेतकऱ्याचं राहतं घर. पगारदाराच्या पगारातले पहिले 1000 रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग. पैशाच्या हुकूमनाम्यापायी कुठल्याही स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषालाही निव्वळ गरिबीपायी तुरुंगात टाकणं घटनेला धरून नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. तारण घेतलेल्या घेणेकऱ्याचा तारणावरचा हक्क नादारीनं संपत नाही. गहाण जमीन आणि फायनान्सचा ट्रॅक्टर यांचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. सरकारी देणं, फसवणुकीनं केलेलं कर्ज आणि बायकोमुलांची पोटगी मुक्तीनंतरही उरते. जामीनदार सुटत नाही, त्यामुळे मेव्हण्याला आणि शेजाऱ्याला आधी विश्वासात घ्यावं लागतं. मुक्ती मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपये किंवा जास्त उधार घेतले तर तो गुन्हा आहे.

आणि लबाडीला इथे जागा नाही. जमीन घाईघाईनं भावाच्या नावावर करणं हा गावात सर्रास दिला जाणारा सल्ला. दोन वर्षांच्या आतलं असं हस्तांतर खरा मोबदला न घेता झालेलं असेल, तर रद्द होऊ शकतं. अर्जाच्या तोंडावर एकाच ओळखीच्या घेणेकऱ्याला झुकतं माप देऊन फेडलं, तर तेही तपासलं जातं. नादारीची पहिली अट खरं सांगणं ही आहे.

नवा कायदा कागदावर

संसदेनं 2016 मध्ये नादारी आणि दिवाळखोरी संहिता मंजूर केली. मोठ्या कंपन्यांच्या बातम्यांमुळे तिचं नाव सगळ्यांना ठाऊक झालं. पण तिच्यात सामान्य माणसासाठीही एक भाग आहे. वर्षाचं उत्पन्न 60,000 रुपयांपर्यंत, मालमत्ता 20,000 पर्यंत, पात्र देणं 35,000 पर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाला जवळपास पाटी कोरी करून देणारी 'नवी सुरुवात' त्यात लिहिली आहे. मात्र हा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. म्हणजे कारखानदाराच्या हमीदाराला नवी संहिता आणि भीमाकाठच्या माणसाला 1920 चा कायदा. गरिबासाठी लिहिलेलं पान उघडायला इतकी वर्षं लागावीत, याचं मला मनापासून दुःख आहे.

बाहेर लोकांनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात शेती कोसळली, तेव्हा 1986 मध्ये त्यांनी आपल्या दिवाळखोरी कायद्यात फक्त शेतकरी कुटुंबांसाठी एक नवं प्रकरण घातलं: शेत चालू ठेवून, हंगामाप्रमाणे हप्ते बांधून. इंग्लंडमध्ये 2009 पासून कमी उत्पन्नाच्या माणसासाठी कर्जमुक्तीची सोपी वाट आहे, आणि तिथला अर्ज मान्यताप्राप्त कर्ज-सल्लागारामार्फतच करावा लागतो. म्हणजे मदत ही त्या प्रक्रियेचाच भाग केली आहे. आपल्याकडे 1879 मध्ये याच विचाराचं बी पडलं होतं.

मदत कुठे आहे

पहिली पायरी न्यायालयाची नाही, वहीची आहे. एका पानावर देणं, दुसऱ्यावर असणं. घरातल्या बाईला बाजूला ठेवून ही यादी करू नका. गटाचा हप्ता तिच्या डोक्यात असतो आणि सोनं कुठे गहाण आहे हे तिलाच नेमकं ठाऊक असतं.

दुसरी पायरी देणं निवडण्याची. महिना पाच टक्केवाल्या माणसाकडे सावकारीचा परवाना आहे का? नसेल तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानं तो गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. त्याला न्यायालयाकडून वसुलीचा हुकूमनामा मिळू शकत नाही. कर्जापोटी त्यानं जमीन लिहून घेतली असेल, तर 15 वर्षांच्या आतल्या व्यवहाराबद्दल जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागून ती परत मिळवता येते. तालुक्याला सहायक निबंधकाच्या कार्यालयात चौकशी करावी. दामदुपटीचा जुना नियमही विसरू नये: मुद्दलापेक्षा जास्त व्याज नाही.

वसुलीला येणाऱ्यांनाही वेळ आणि पायरी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. गटकर्जाच्या कंपन्यांसाठी ही वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6 आहे.

तिसरी पायरी वकिलाची, आणि तिच्यासाठी पैसा नसणं ही अडचण असायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि आपत्तिग्रस्त यांना, तसंच महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते, आणि 15100 या क्रमांकावर फोन करता येतो. मन फार काळवंडलं असेल तर 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. तो फोन वकिलाच्याही आधी करावा.

हे सगळं असूनही अर्ज का होत नाहीत? कारण हे दार वेगवेगळ्या इमारतींत विखुरलेलं आहे, आणि कारण लाज. लाजेबद्दल एक सांगायचं आहे. जुन्या काळी डबघाईला आलेला व्यापारी भरदिवसा आपल्या दुकानात दिवा लावून ठेवायचा, त्यावरून 'दिवाळं' हा शब्द आला असं सांगतात. त्या दिव्याचा अर्थ एवढाच होता की माझं संपलं आहे, मी लपत नाही, ज्यांचं येणं आहे त्यांनी या आणि हिशेब बघा. तोंड चुकवून रात्री गाव सोडणाऱ्यापेक्षा हा दिवा लावणारा नक्कीच इज्जतदार.

कर्जमाफ्या आल्या: 2008 ची, 2017 ची, 2019 ची. त्यांनी अनेक घरांना श्वास दिला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण माफी सरकारच्या मर्जीनं येते, तिला तारखेची अट असते, आणि पतसंस्थेचं, गटाचं, सावकाराचं कर्ज तिच्या बाहेर राहतं. नादारी मात्र हक्क आहे, तो निवडणुकीची वाट पाहत नाही. त्यासाठी नवं काही उभारायची गरज नाही. महिन्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, विकास सोसायटीच्या कार्यालयात तालुका समितीचा एक वकील आणि हिशेब समजणारा एक माणूस टेबल टाकून बसला तरी पुरे. समोर येईल त्याची पिशवी उघडायची, कागद तारखेप्रमाणे लावायचे, रोख्यामागची हकीकत विचारायची आणि अर्ज लिहून द्यायचा. मग मुक्तीच्या अर्जाची तारीख त्याच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवायची.

सुप्यातल्या माणसांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कागद जाळले. त्यांच्या पणतवंडांना वाचता येतं. त्यांच्या हाती जाळायला नव्हे, तर सही करायला एक कागद द्यायचा आहे, आणि तो लिहायला बसणारा माणूस गावात यायला हवा.